दामूअण्णांची छत्री

आमच्या चिखलीतील दामूअण्णा छत्री भर उन्हात बाहेर काढतात, परंतु ती स्वतःच्या डोक्यावर कधीही धरीत नाहीत. सदर छत्री गच्चीवरील दोरीवर वाळणाऱ्या, पोहण्याच्या एका काळ्या पोशाखावर धरली जाते. दोरी सावलीत बांधावी, ही माझी सूचना त्यांनी तात्काळ फेटाळली.

"सावली हाय तिथं वारं न्हाई. वारं हाय तिथं ऊन. मग मी कशाला हाय?"

पोशाख त्यांच्या सुनेचा, वैशालीचा. ती कंपनीत नोकरी सांभाळून शर्यतीत पोहते. कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली, पण इतके नियम मला सरकारी कागदांतही आढळले नाहीत. तलावातून आल्याबरोबर पोशाख पिण्याच्या पाण्यात बुडवावा. पिळू नये, टॉवेलात गुंडाळून दाबावा. वॉशिंग मशीनचे नाव काढताच अण्णा भडकतात, "धुनं न्हाई त्ये, कातडं हाय तिचं!" रबरी टोपीस आतून पावडर लावावी. गॉगलच्या काचेस आतून बोट लावणारा इसम त्यांच्या लेखी गुन्हेगार.

गॉगल खरेदीसाठी त्यांनी मला साक्षीदार म्हणून पिंपळे सौदागरला, खेळाच्या दुकानात नेले. वैशालीने पट्टा न ओढता गॉगल नुसता डोळ्यांवर दाबायचा, अण्णांनी आकडे मोजायचे.

"सोड हात. पडला! बाद."

"काका, पट्टा असतो त्याला," दुकानदार म्हणाला.

"पट्ट्यानं भोपळाबी बसंल, राव!"

सातवा गॉगल चिकटून राहिला. अण्णांनी दुकानदाराचे अभिनंदन केले.

अडचण होती ती आक्कांची. आक्का म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावजय. तळमजल्यावर राहणाऱ्या आणि भावकीत शब्द चालणाऱ्या. त्यांनी अंगणातून विचारले, "भावजी, काय वं वाळतंय त्ये?"

"माझंच हाय, वैनी. गुडघ्याला घालतो."

"दोन्ही गुडघं एकदम?"

चार दिवसांत आक्कांना खरे कळले. रविवारी सून शर्यतीला गेली, तर तुमच्या घरचं पाणी पिणार नाही, असा त्यांनी निरोप धाडला. अण्णा माझ्या टेबलाशी आले.

"वैनीला अर्ज लिवा. तोंडानं बोलाया धीर न्हाई."

मी विषय मांडला : सुनेस शर्यतीत पोहू देणेबाबत. "कारण सांगा, अण्णा. कारणाशिवाय अर्ज चालत नाही."

अण्णांनी शाईची डबी माझ्यापुढे सरकवली.

"लिवा. आमची बायकू, सरू, लग्नाआधी मळ्याच्या हिरीत काष्टा मारून, गुडघं पोटाशी घिऊन मुटका मारायची. आख्खं गाव बघायचं. लगीन झालं अन् मी न्हाई म्हनलो. ती काईच बोलली न्हाई. जाईस्तोवर बोलली न्हाई."

पस्तीस वर्षांच्या संसारावर अण्णांनी एवढेच सांगितले. मी त्यात एकही शब्द घातला नाही. माझ्या कारकिर्दीतील तो सर्वांत आखूड अर्ज.

आक्कांना वाचता येत नाही, म्हणून अर्ज मीच वाचून दाखविला. त्यांनी तो परत वाचावयास लावला. मग पदर सावरीत म्हणाल्या, "गाव पांगल्यावर तिच्या मागनं मीबी मारायचे मुटका. भावजींना ठावं न्हाई."

रविवारी वैशाली शर्यतीत तिसरी आली. दुपारी मी गच्चीवर गेलो, तेव्हा पोशाख दोरीवर होता. छत्री आक्कांनी धरली होती. अण्णा मांडी घालून, रबरी टोपीस पावडर लावीत बसले होते.

"वैनी, जरा डावीकडं. खांद्याला ऊन लागतंय तिच्या."

आक्कांनी छत्री निमूटपणे डावीकडे केली.