सरकारमान्य रायटर

आजवर कुणाला बोललो नाही ते लिहून टाकतो. सोनकांबळे रायटरांच्या कादंबरीला मी प्रस्तावना लिहिली, तेव्हा तिची सुरुवातीची पानंच काय ती वाचली होती. तरी ठोकून दिलं, ‘शेवट विशेष उल्लेखनीय.’

पोलीस ठाण्यात फिर्यादी, पंचनामे लिहिणाऱ्या हवालदाराला रायटर म्हणतात. आमच्या शेजारच्या सोनकांबळ्यांनी तो हुद्दा मनावर घेतला. “सरकारनंच रायटर नेमलंय, सर. मग कादंबरीला आणखी कुणाची परवानगी?”

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, नळाला पाणी मात्र नव्हतं. टँकरच्या रांगेत माझ्यामागं घागर ठेवून ते कादंबरीची प्रकरणं सांगत. घागर भरली की म्हणत, “सदर घागर तुमच्या समक्ष भरली. ध्यानात असू द्या.” घरी वहिनींनी विचारलं, भाजी कशी झाली, तर उत्तर ठरलेलं, “मीठ आढळून आले नाही.”

कादंबरीत एका कोरड्या विहिरीत बाईचं प्रेत सापडतं. साहेब दौऱ्यावर, म्हणून ठाण्यातला रायटरच तपासाला निघतो. पण खुन्याचं नाव पहिल्याच पानावर, वडिलांच्या नावासकट.

“रायटर, हे शेवटी सांगायचं असतं.”

“माहीत असून आरोपी दडवू? मलाच कलम लागंल.”

पुढं नायिका लाजते, तिथं दोन पंच हजर. मी म्हणालो, निदान यांना तरी बाहेर काढा.

“तुम्ही हसायलात, सर. एकांतातलं कोर्टात टिकत न्हाई.”

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ही वाक्यं सांगून मी भरपूर हशा मिळवला. पुढचं वाचायची गरजच वाटली नाही. पुस्तक छापून आलं. त्यानंतर रायटर भेटले की एकच विचारत, “शेवट पटला ना, सर?”

“हाव, पटला की.”

ते साक्षीदाराकडं बघावं तसं माझ्याकडं बघत आणि सायकलवर टांग टाकत.

निवृत्त झाले त्या संध्याकाळी घरी आले. चहा घेतला. रिकामा कप खाली ठेवून म्हणाले,

“ती विहिरीतली बाई खरी होती, सर. दुष्काळी कामावर खडी फोडायची. पडली का ढकलली, कळलंच न्हाई. मुकादम म्हणला, नांदेडकडची असंल. रजा काढून तिचा फोटो घेऊन भोकर पालथं घातलं, नायगाव घातलं. कुणी ओळखलं न्हाई. बेवारस म्हणून मीच लिहिलं, मातीही मीच दिली.”

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

“पुस्तकात खुनी मनानं रचला, त्याचं काही वाटत न्हाई. पण शेवटी तिची आई भेटवली. फोटो बघून ती पोरीचं नाव घेती. खोटी आई रचली, सर. लई दिवस जीवाला लागलं होतं. मेलेल्या माणसाला असं फसवावं का? तुम्ही शिकलेले माणूस, पटला म्हणलात, तवा कुठं बरं वाटलं.”

मी मान डोलावली. ते उठले, “जयभीम” म्हणाले आणि गेले.

शेवट मी त्यानंतर वाचला.

रायटर आता उदगीरला मुलाकडं असतात. पत्ता माझ्याजवळ आहे. त्यांनी इतक्यांदा विचारलेल्या प्रश्नाचं एक खरं उत्तर मी त्यांना अजून देणं लागतो.