आबा, हात लावू का?

"आबा, हात लावू का?" धम्मशीलाने विचारलं, आणि खाटेभोवती उभं असलेलं अख्खं घर हसलं.

घराचंही चुकलं नव्हतं. उकंडरावांना दोन वर्षांत लकव्याचे दोन झटके येऊन गेले होते. हात, पाय, मान, जीभ, सगळं गेलं होतं. त्यांना भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, आणि यातलं काहीही करताना त्यांना विचारावं असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. कपाट सरकवताना कपाटाला कोण विचारतं?

"त्याहीले काय इचारता मॅडम," मुलगा हिंमतराव म्हणाला. "तुमी करा सुरू. पुढच्या मयन्यात पोरीचं लगन हाय. फोटोत बाबा खुर्चीवर ताठ बसले पायजे."

धम्मशीला मेहकरहून काळीपिवळीने जानेफळला आली होती. नागपूरला सहा महिने मालिशचं रीतसर शिक्षण घेतलेलं, पिशवीत तेलाच्या दोन बाटल्या आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ज्याचं अंग, त्याचीच परवानगी; नातेवाइकांची चालत नाही. बाकीच्या मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. धम्मशीलाने ते खरं मानलं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

"आबा, हो असेल तर एकदा डोळे मिटा. नाही असेल तर दोनदा."

उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा मिटले.

का नाही, ते विचारायचं नसतं, हेही बाईंनी शिकवलं होतं. याच जिल्ह्यात वाढलेल्या धम्मशीलाला दोनतीन कारणं तशीही सुचत होती. त्यातलं एक तर तिच्या नावातच होतं. तिने गुपचूप बाटलीचं झाकण लावलं.

"डोयात कचरा गेला असंन!" हिंमतराव म्हणाला. त्याने वाकून जोरात विचारलं, "बाबा, माहं नाव हिंमत हाय का?"

एकदा.

"माहं नाव भगवान हाय का?"

दोनदा.

हिंमतरावाची बायको अन्नपूर्णा भिंतीला टेकली. याच खाटेजवळ बसून ती दोन वर्षं रोज माहेरी फोन करत होती, आणि सासऱ्याबद्दल काय काय बोलली होती ते तिला एकदम आठवायला लागलं. तिने घाईघाईने विषय बदलला.

"मामाजी, दलिया आवडते ना तुमाले?"

दोनदा. दोन वर्षं, दोन्ही वेळ दलिया.

"आन टीव्हीवरचे भजनं?" हिंमतरावाने विचारलं.

दोनदा, आणि तेही पटकन. सकाळी सहा ते रात्री नऊ भजनं लावून ठेवणाऱ्या हिंमतरावाचं तोंड उतरलं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे भगवानराव चपला न काढताच आत आले. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण वीस वर्षांचं होतं, आणि झटका आल्यापासून ते भगवानरावांच्या बाजूने मिटल्यासारखं होतं.

"उकंडराव, आपला धुरा बाभळीपासून हाय, का नाही?"

दोनदा.

"खोटं बोलून राह्यला हा मानूस!" भगवानराव ओरडले.

"बोलून कुठी राह्यले ते?" अन्नपूर्णा म्हणाली.

दारात माणसं जमली. कुणी पोराचं नाव काय ठेवू विचारलं, कुणी पाऊस पडेल का विचारलं. धम्मशीलाला हा तमाशा बघवेना. माणसं बाजूला सारून ती खाटेशी गेली.

"आबा, दुखतं का कुठं?"

एकदा.

"रोज दुखतं?"

एकदा.

"झटका आला तेव्हापासून?"

एकदा. मग मात्र दारातलं हसणं थांबलं.

हिंमतराव वाईट माणूस नव्हता. बापाचं औषध त्याने एकदाही चुकवलं नव्हतं. म्हणूनच त्याला राहवलं नाही, आणि अर्ध्या गल्लीसमोर त्याने विचारलं, "पन बाबा, म्या तुमची सेवा तं बराबर केली ना?"

उकंडरावांनी पोराकडे पाहिलं. मग दोनदा.

हिंमतराव अंगणात गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. खूप वेळ मारत राहिला. भगवानरावसुद्धा खाली बघत होते.

धम्मशीलाने पिशवी उचलली. तेवढ्यात उकंडरावांची बायको सोजराबाई नवऱ्याला कुशीवर वळवायला पुढे आली. डावा हात तिने त्यांच्या पाठीखाली घातला. उजवा वर जाईना, म्हणून तो डाव्याने उचलून जागेवर नेला.

"आजी, खांदा कधीपासून असा?"

"हे पडले तवापासून. उचला-ठिवा करून राह्यली ना."

"चोळून देऊ का?"

सत्तर वर्षांत सोजराबाईला असं कुणी विचारलं नव्हतं. मग सवयीने ती खाटेकडे वळली. "अवो, घेऊ का चोळून?"

दोनदा.

"बरं मंग," म्हणून तिने पदर सावरला.

"आजी, खांदा तुमचा हाय," धम्मशीला म्हणाली. "त्याहीले कायले विचारता? तुमी सांगा."

सोजराबाई दाराकडे वळली. मग दारातल्या माणसांना म्हणाली, "निंघा बरं सारे." अन्नपूर्णेलाही तिने बाहेर काढलं, दार लोटलं, कडी घातली. खोलीत एवढा अंधार झाला की धम्मशीलाला तेलाची बाटली चाचपून शोधावी लागली.

सोजराबाईने उशाशी पडलेला पंचा घेतला. दोन वर्षं ती त्यानेच नवऱ्याची लाळ पुसत आली होती. तो तिने झटकला, नीट घडी घातली आणि उकंडरावांच्या डोळ्यांवर ठेवला.

"आजी, हे काय..."

"उजेड लागून राह्यला त्याहीच्या डोयाले," सोजराबाई म्हणाली.

धम्मशीलाने त्या अंधाराकडे पाहिलं, मग खाटेकडे. आजच आपण या माणसाला बोलायला लावलं, आणि आजच त्याचं तोंड बांधलं गेलं, हे तिला लख्ख कळत होतं. यावर काय करायचं, ते सहा महिन्यांत कुणी शिकवलं नव्हतं.

सोजराबाई खाटेकडे पाठ करून खाली बसली. पदर बाजूला घेऊन तिने खांदा मोकळा केला.

"इचार ना," ती म्हणाली. "अजून एकडाव इचार."

"आजी, हात लावू का?"

"लाव," सोजराबाई म्हणाली. तिच्या मागे पंचा दोनदा हलला.