पाठवणीचं पाणी

लाय चिनथूने तसराळंभर पाणी नवरीच्या गाडीमागे ओतलं, आणि गाडी पन्नास पावलं जाऊन उभी राहिली.

लेक भांडून माहेरी परत येऊ नये म्हणून हे पाणी ओतायचं असतं. ओतून झालं की बापाने आत जायचं, दार लावायचं आणि हवं तर रडायचं. चिनथूची रडायची पूर्ण तयारी होती. मिन्शिओंग गावात पस्तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस, चारचौघांत रडणं त्याला जमणारं नव्हतं, म्हणून त्याने मागची खोली आधीच रिकामी करून ठेवली होती. पण दाराला हात लावता लावता त्याने गल्लीच्या टोकाला पाहिलं. लाल फुलांनी सजवलेल्या बॉनेटमधून वाफेचा लोट निघत होता, आणि मागच्या पाच गाड्या एकीमागे एक थांबल्या होत्या.

त्याची बायको सूलान ओरडली, "अहो, जाऊ नका. बापाने मागे जायचं नसतं."

चिनथू तोवर हत्यारांची पिशवी घेऊन निम्म्या वाटेत पोचला होता.

नवरीबरोबर पाठराखीण म्हणून त्याची थोरली बहीण चिनहुआ आली होती. ती गाडीतून उतरून दोन्ही हात पसरून रस्त्यात उभी राहिली. "चिनथू, माघारी फिर. शोभतं का हे?"

"मी बाप म्हणून आलो नाही, ताई. मेकॅनिक म्हणून आलोय."

"पण गाडीखाली ओलं दिसतंय ते तूच ओतलेलं पाणी, उताराने आलंय. उगाच घाबरू नकोस."

"मी ओतलेलं पाणी हिरवं नव्हतं," चिनथू म्हणाला. त्याने वाकून बोट बुडवलं आणि वास घेतला. गोडसर. इंजिन थंड ठेवणारं कूलंट.

गाडी नवऱ्या मुलाची, पाइशेंगची. चोवीस वर्षांची. चिनथूने नवी गाडी भाड्याने घ्यायला परोपरीने सांगितलं होतं, पण पाइशेंग म्हणाला होता की वानयूला मी याच गाडीतून नेणार. आता तो कोट काढून वाफेकडे बघत उभा होता. त्याचं गाव यानश्वेई पाऊण तासावर. पाइशेंगच्या आजीने पंचांग तीन जणांकडून तपासून घेतलं होतं. अकराच्या आत नव्या सुनेने उंबरा ओलांडला नाही, तर लग्न चार महिने पुढे. यावर आजीशी वाद घालेल असा माणूस त्या घरात जन्माला आला नव्हता. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

पाइशेंगने रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस," चिनथू ओरडला. "उकळतंय ते. तोंड भाजलं तर फोटोत तिच्याशेजारी कोण उभं राहणार?"

"बाबा, काय झालंय?" मागच्या सीटवरून वानयूने विचारलं. तिला उतरायला मनाई, मागे वळून पाहायला मनाई. त्यामुळे ती समोरच्या काचेकडे बघत, मान ताठ ठेवून बोलत होती.

"काही नाही. तू पुढे बघ."

"पुढे वाफ आहे."

इंजिन निवायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात चिनथूने ठेवणीतल्या सूटसकट रस्त्यावर लोळण घेतली. खालून बघितलं तर रेडिएटर कोरडा. पंप कोरडा. वरचा मोठा पाइप ठणठणीत. मग ओल कुठून? त्याने टॉर्च मारला आणि हिरव्या ओघळाच्या मागे मागे वर गेला. इंजिनाच्या पाठीमागे, हीटरकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी तो थांबला. पाइप आवळून धरणाऱ्या क्लिपच्या कडेला तो उभा चिरला होता. क्लिप मात्र कोरी होती, चकचकीत.

चिनथू तसाच पडून राहिला. ती क्लिप त्याचीच होती.

परवा जावई आत चहा पीत असताना त्याने गुपचूप बॉनेट उघडलं होतं. लेक या खटाऱ्यातून जाणार, निदान एकदा नजर तरी टाकू, एवढाच हेतू. जुनी क्लिप गंजलेली दिसली, म्हणून नवी बसवली. आणि मायेपोटी दोन आटे जास्त आवळली. पस्तीस वर्षं गॅरेजमधल्या पोरांना ओरडून सांगितलं होतं की जुन्या रबराला इतकं आवळायचं नसतं.

"काय सापडलं, बाबा?" पाइशेंग वाकून विचारत होता.

"जुनं रबर," चिनथू म्हणाला.

"माझंच चुकलं. तुम्ही सांगत होता, नवी गाडी घे म्हणून." पाइशेंगने रस्त्यात उभ्या उभ्या कमरेत वाकून माफी मागितली. चिनथूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्याने चिरलेला तुकडा कापून टाकला, पाइप ओढून पुन्हा बसवला आणि क्लिप बेताने आवळली. आता पाणी हवं होतं. तो घराकडे वळला तशी चिनहुआ किंचाळलीच. माहेरचं पाणी नवरीच्या मागोमाग जाता कामा नये. शेवटी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, लाल चिठ्ठ्या चिकटवलेल्या बावीस बाटल्या रेडिएटरमध्ये गेल्या. पाहुणे तहानलेल्या तोंडाने बघत राहिले.

"आत हवा अडकली असणार," चिनथू म्हणाला. "तापमानाचा काटा वर चढला की हीटर पूर्ण सोडायचा. म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते."

"कुठे आत?" वानयूने समोर बघत विचारलं.

"तुझ्याकडे."

"बाबा, तुम्ही बरोबर चला ना," पाइशेंग म्हणाला. "वाटेत काही झालं तर मला कळणार नाही."

एरवी चिनथू सरळ नाही म्हणाला असता. पण चोराच्या मनात काय चाललेलं असतं ते त्याला त्या दिवशी कळलं. त्याने ताईला मागच्या गाडीत बसवलं आणि स्वतः पुढे जावयाशेजारी बसला. नवरीच्या गाडीत नवरीचा बाप बसलेला बघून ताईने कपाळावर हात मारला.

तीन किलोमीटरवर काटा चढला. हीटर सुटला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. वानयूची पावडर आधी ओली झाली, मग वाहू लागली. काजळ गालापर्यंत आलं. तिने पिशवीतला लाल टॉवेल जवळच्या बाटलीतल्या पाण्याने भिजवून बापाच्या डोक्यावर टाकला.

"बाबा," ती त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "परवा मी खिडकीतून सगळं बघितलं होतं."

चिनथू टॉवेलखालून बाहेर आला नाही.

यानश्वेईला पोचले तेव्हा अकराला चार कमी होते. अंगणात सुनेने ओलांडायची निखाऱ्याची शेगडी, उंबऱ्याशी तिने पायाने फोडायचं कौल, आणि नव्वदीची आजी हातात बांबूची चाळण घेऊन तयार. सुनेच्या डोक्यावर चाळण धरून तिला आत न्यायचं, हा मान तिचा.

"दोन मिनिटं, तोंड पुसते," वानयू म्हणाली. चिनथू पाइप बघायला म्हणून खाली उतरला. डोक्यावर लाल टॉवेल तसाच होता.

आजीला वीस वर्षांपासून धूसर दिसत होतं. गाडीचं दार उघडलं, लाल काहीतरी उतरलं, एवढं तिला पुरलं. चाळण चिनथूच्या डोक्यावर आली आणि मनगटावर एक चिवट पकड बसली. फटाक्यांची माळ लागली. चिनथू काय सांगत होता ते कुणालाच ऐकू आलं नाही. तो शेगडी ओलांडून गेला, कौल त्याच्या बुटाखाली कडकन फुटलं आणि तो उंबऱ्याच्या आत आला. घड्याळात दहा अठ्ठावन्न. माळ संपली आणि सगळं अंगण उंबऱ्याकडे बघू लागलं.

आजीने टॉवेल उचलला. चेहऱ्यावर हात फिरवला. मिशी लागली.

"उंचीला बरी आहे," ती म्हणाली.

मागून चिनहुआ धावत आली. "चिनथू, बाहेर ये."

"नाही," आजीने ठणकावलं. "मुहूर्तावर आत आलेलं माणूस परत फिरत नाही. बिचारी ती पोरगीही येऊ दे, एक मिनिट उरलंय. रीतीप्रमाणे नवी सून तिसऱ्या दिवशी माहेरी जाते, तेव्हा हाही तिच्याबरोबरच जाईल."

वानयू अर्ध्या पुसलेल्या तोंडाने आत आली ती हसतच. पाइशेंग भिंतीला टेकून उभा होता. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं.

चिनथूने अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं. क्लिपचंही सांगितलं.

"रडायला बसले होते मी," सूलान म्हणाली. "मग लक्षात आलं, तुम्हीही नाही. म्हणजे आता तीन दिवस स्वयंपाकच करायचा नाही."

"मी रेल्वेने येतो परत."

"आजी काय म्हणाल्या ते ऐका. आणि अहो, वानयू नव्या घरात गोंधळलेली असेल. तुम्ही आहात तर बरंच आहे."

फोन ठेवून तो वळला तर आजी समोर उभी. सासरच्या वडीलधाऱ्यांना नव्या सुनेने चहा द्यायचा असतो. वानयू ट्रे धरून उभी होती. आजीने दुसरा ट्रे चिनथूच्या हातात ठेवला. त्याने कप सारखे केले, आणि लेकीच्या मागोमाग आत गेला.