मुकादमांचा डबा

हसन मुकादम लग्नाला डबा घेऊन यायचे.

पोरांनो, मी वाढवून सांगत नाही. आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न असो, हे गृहस्थ आहेर देत, नवरानवरीला आशीर्वाद देत, आणि पंगत बसली की मांडवाच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून आपला ॲल्युमिनियमचा दोन कप्प्यांचा डबा उघडत. एका कप्प्यात भात आणि सुक्या बांगड्याचा तुकडा. दुसरा कप्पा रिकामा. वास सुटला की आजूबाजूच्या खुर्च्या सरकत. मुलीचा बाप हात जोडून समोर उभा.

"मुकादमसाहेब, आमचं काही चुकलं का?"

"काय नाय चुकलं. तुम्ही जेवा. मी तुमच्या घरचा नाय ना!"

ते माझ्या समोरच्या घरात एकटे राहत. पहिलं वर्षभर मला वाटलं, धर्माचा प्रश्न असेल. म्हणून मी आंबोळ्या आणि खोबऱ्याची चटणी पाठवली. ताटली झाकलेली तशीच परत आली. मग फणसाची भाजी पाठवली. तीही परत. शेवटी मी फाटकाशी उभी राहून विचारलं, "माझ्या आंबोळीत विष आहे का हो?" तर हसून म्हणाले, "विष नाय, बाई. हिशेब बिघडतो."

हा हिशेब काय, ते मला पुढं नको तितकं कळलं. मुकादम तरुणपणी जहाजावर होते, मग आखातात, आणि शेवटची बरीच वर्षं आफ्रिकेत, दुष्काळग्रस्तांच्या छावणीत गोदाम सांभाळत. तिथं ते एक विद्या शिकले. दुष्काळ पडायच्या आधीच गावात जाऊन बघायचं, की घरं जगतात कशावर. धान्य कुठून येतं, पैसा कुठून येतो, आणि एक आधार तुटला तर दुसरा कुठला. म्हणजे मदत कुणाला लागेल आणि कधी, ते आधीच ठरवता येतं. निवृत्त होऊन रत्नागिरीला परतल्यावर एका संस्थेनं त्यांना आपल्या कार्यकर्त्यांना हेच शिकवायला बोलावलं. पुस्तक इंग्रजीत. मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखतात म्हणून घरात बसलेली. भाषांतर माझ्या गळ्यात पडलं.

दोन हजार सालच्या आसपासचे ते उन्हाळे मला आठवतात ते घामासाठी. सुट्टीत बंद असलेली शाळा, कुरकुरणारा पंखा, आणि लातूर-सांगोल्याकडून आलेली तरुण मुलं. दर वर्षी त्यातलं एक तरी विचारायचंच, "सर, इथं तर पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत इतका पाऊस. इथं कसला दुष्काळ शिकवता?"

"पाऊस पडतो तो सड्याच्या कातळावरून थेट समुद्रात जातो. आता मे महिन्यात कुठल्याही घरी जा आणि भांड्यात बघ. भांडं सांगतं."

'भांडं सांगतं' हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही भाषांतर करीन.

एखाद्यानं "तुमचं वार्षिक उत्पन्न किती?" असा प्रश्न तयार केला की मुकादम कपाळावर हात मारत. "असं विचारलंस तर मी पण खोटं बोलेन. विचार, घरचा तांदूळ शिमग्यापर्यंत पुरला की त्याच्या आधीच संपला? आणि मग चुलीवर काय चढलं?" खिशातून चिंचोके काढून टेबलावर पसरायचे आणि सांगायचे, हे वर्षभराचं जेवण. आता वाट. शेतातलं किती, रेशनचं किती, मुंबईहून आलेल्या पैशाचं किती. मुलं चिंचोके वाटत बसत. मी वारा घेत बसे.

आणि सगळ्याच्या मुळाशी एकच नियम. घर म्हणजे छप्पर नाही, आडनाव नाही, रेशनकार्ड नाही. एका भांड्यातलं जेवतात ते एक घर. जो त्या भांड्यातलं जेवला, तो त्या घरचा. म्हणून स्वारी कुणाकडं जेवत नसे!

एकदा सरावासाठी त्यांनी मुलांना माझीच मुलाखत घ्यायला लावली. लातूरकडच्या एका मुलीनं विचारलं, "आजी, घरात माणसं किती?"

मी म्हटलं, "पाच. मी, मुलगा, सून, दोन नातवंडं."

मागून आवाज आला. "भांडं, बाई, भांडं."

 मग म्हटलं, "एक."

त्या दिवशी मी भाषांतर अर्धं टाकून घरी गेले. पुढं आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्याच मे महिन्यात सराव करायला आम्ही जीप घेऊन सड्यावरच्या एका वाडीत गेलो. मीही गेले, कारण संस्थेच्या दिल्लीच्या साहेबांना मराठी येत नव्हतं. मुलांनी वाडीतली घरं नोंदली. सराव असला तरी यादी खरी होती; त्यावरून कुठल्या घराला टंचाईत धान्य आणि पाणी पोचवायचं, ते ठरणार होतं. मुकादम फिरत फिरत एका पडवीपाशी थांबले. कडेला तीन दगडांची चूल, त्यावर काळं पडलेलं टोप, आणि शेजारी एक म्हातारी.

"ही कुठाय नोंदीत?"

"सर, ती पुतण्याच्या घरात धरलीय," लातूरची मुलगी म्हणाली.

पुतण्या धावत आलाच. "आमचीच चुलती. आमच्यातच जेवते. वेगळी दाखवू नका, साहेब. लोक काय म्हणतील? चुलतीला टाकली म्हणतील."

मुकादम उकिडवे बसले. "आजी, तू कुठल्या भांड्यातलं जेवतेस?"

म्हातारीनं पुतण्याकडं पाहिलं. "त्याच्यातच जेवतंय मी. पोरगा चांगला हाय."

सगळ्यांना दिसत होतं की टोपातून वाफ येतेय. पण ती बोलली ते बोलली. तिच्या तोंडून वेगळं घर कुणी वदवून घेऊ शकलं नसतं. आणि ती पुतण्याच्या घरात धरली गेली, की तिच्या वाटचं त्याच्या दारात उतरणार होतं. पुढं ते या चुलीपर्यंत पोचेल की नाही, हे त्या टोपाकडं बघून कळत होतं.

 म्हातारीलाच अवघडल्यासारखं झालं असावं. ती म्हणाली, "उन्हातनं आलायस रे बाबा. वाईच पेज घे."

झऱ्यावर रांग लावून आणलेलं पाणी होतं ते. मी मुकादमांच्या तोंडाकडं पाहत होते. आता नाही म्हणणार, डबा काढणार. त्यांनी डबा बाजूला ठेवला, मांडी घातली आणि पेज प्याले. वाडग्याच्या तळाशी राहिलेली शितं बोटानं पुसून खाल्ली.

मग पुतण्याला म्हणाले, "मी हिच्या भांड्यातलं जेवलो. पाहुण्याला जेवू घालतं ते भांडं म्हणजे घर. तुला कोण काय म्हणायचं नाय. वेगळं घर माझ्यामुळं झालं." आणि मुलीला, "लिही. माणसं दोन."

मुलं हसली. पुतण्याही हसला, जरा सुटल्यासारखा. मुकादम हसले नाहीत.

मला वाटलं, त्या दिवसापुरती युक्ती होती. पण पुढच्या शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते डबा घेऊन एस.टी. स्टँडकडं निघाले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. मी फाटकातून हाक मारली.

"अहो, ते नोंदीपुरतं होतं ना?"

"नियम म्हणजे नियम, बाई." मग डब्याकडं बघत म्हणाले, "मी तिकडं दुसऱ्यांची भांडी मोजत होतो, तेव्हा इकडं माझी बायको एका भांड्यातलं एकटी जेवत होती. गेली तेव्हापण मी तिकडंच."

मी डबा हातात घेतला. जड होता. दोन्ही कप्पे भरलेले.

मी आत गेले, आंबोळ्या एका स्टीलच्या डब्यात भरल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. "म्हातारीला द्या. तुम्हाला नाही."

संध्याकाळी ते दारात उभे. भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, हे त्या म्हातारीला कुणी शिकवायला नको होतं. डब्यात मूठभर कुळथाचं पीठ होतं.

मी त्याची पिठी केली. दोन ताटं घेतली. मुकादम बराच वेळ ताटाकडं पाहत बसले, हिशेब करत असावेत. मग जेवले.

त्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा तुमच्यातल्या तन्वीनं नेहमीसारखं विचारलं, "आजी, तू घरात एकटीच ना गं?"

मी म्हटलं, नाही. तिघं आहोत.