इस्त्रीवरचा प्रोसेसर

पुस्तक वाचून माणसाला जगातलं कोणतंही काम करता येतं, असं माझं ठाम मत होतं. चौतीस वर्षं मी रत्नागिरीत ग्रंथपाल होतो, तेव्हा मत ठाम असणारच! ते त्या शुक्रवारी सकाळी सव्वादहापर्यंत टिकलं.

आमचा मुलगा वेद पुण्याला नोकरीला लागला आणि त्याने आपला जुना कॉम्प्युटर मला दिला. कॅमेऱ्यासकट! आता, माझ्याशी कॅमेऱ्यातून बोलावं असं फारसं कोणी नाही. असतं तर मी टेबलाखाली लपलो असतो. त्यामुळे कॅमेऱ्याचा खरा उपयोग शेजारच्या सुरय्याभाभींना; व्हिडिओ कॉलचे मोबाइल तेव्हा आमच्याकडे कुणाच्याच हातात नव्हते. त्यांचा मुलगा अरशद बहरीनला. शुक्रवारी त्याला सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी चार वाजता भाभी ओढणी सारखी करून आमच्या पडद्यासमोर बसायच्या.

महिन्यापूर्वी अरशदला मुलगी झाली. अलिझा. पण नेमका तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर पाच मिनिटं चालला की तापून बंद पडायला लागला. गेल्या शुक्रवारी अरशदने दुपट्यातली पोर कॅमेऱ्यापुढे आणली, एक गुलाबी पाऊल दिसलं, आणि पडदा काळा!

"पाऊल माझ्यावर गेलंय," भाभी हसून म्हणाल्या. पण जाताना दारात दोनदा मागे वळून पडद्याकडे बघितलं त्यांनी. कारण आता एकच शुक्रवार उरला होता. पुढे अरशद दीड महिना समुद्रातल्या तेलाच्या रिगवर जाणार होता, आणि त्याच्या बायकोला कॅमेरा जोडता येत नव्हता.

"मी करतो दुरुस्त," मी म्हणालो.

हे वाक्य वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझ्या तोंडून कसं निघालं, याचं मला अजून कुतूहल आहे. घरातला बल्बसुद्धा मी बायकोला, हेमाला, विचारून बदलतो. पण माझ्याकडे संगणक दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक होतं. ग्रंथालयाने रद्दीत काढलेलं, पानं सुटलेली. ते घरी आणून, स्वतः खळ शिजवून मी त्याची बांधणी केली होती. बांधणी या एकाच विषयात मला स्वतःबद्दल शंका नाही.

शुक्रवारी सकाळी पुस्तक उघडून मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत काय धूळ! पंख्याच्या पात्यांवर तर मांजर निजल्यासारखं दिसत होतं. पान दोनशे अकरा: 'कूलरच्या (पंखा बसवलेल्या धातूच्या ठोकळ्याच्या) दोन्ही खिट्ट्या उघडा.' उघडल्या. पान उलटलं: 'कूलर उचलून बाजूला ठेवा.' उचलला. येईना. जरा जोर लावला.

टक्!

कूलर हातात आला. खाली मात्र छोट्या छोट्या भोकांची चौकोनी चाळणी रिकामी! आणि कूलरच्या पोटाला एक चपटा चौकोन घट्ट चिकटलेला, त्याला शेकडो सोनेरी पाय. उलट्या पडलेल्या गोमेसारखा दिसत होता. मी चष्मा पुसून पाहिलं. काय सुंदर वस्तू होती! दोन मिनिटं मी नुसता बघत राहिलो. मग लक्षात आलं, हाच प्रोसेसर. हा खाली असायला हवा होता.

"अहो, झालं का?" हेमा स्वयंपाकघरातून.

"झालं," मी म्हणालो. म्हणजे, जे व्हायचं ते झालंच होतं!

दुरुस्तीवाल्या महिपतला फोन लावला. तो नेमका एस.टी.ने राजापूरला निघालेला.

"काका, कूलर थंड असताना ओढलात?"

"हो."

"अरे देवा! आता मुळीच ओढू नका. आधी तो गरम..."

आणि फोन गेला. गाडी घाटात शिरली असावी. मी सात वेळा लावला. सातही वेळा एक बाई मला शांत आवाजात सांगत होती की मी ज्याला शोधतोय तो आवाक्याबाहेर आहे.

आमच्या घरातली बातमी भिंतीपलीकडे जायला वेळ लागत नाही. भाभी आल्या, मागून त्यांचे दीर सुलेमानभाई आले. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. हातात पान्हा घेऊनच आले!

"गरम करा म्हणाला ना? मग धरा ग्यासवर!" सुलेमानभाई म्हणाले. "अडकलेला पिस्टन मी बत्ती लावून सोडवलाय."

"हा पिस्टन नाही हो."

"मग काय आहे ता?"

"यात कॉम्प्युटरची सगळी अक्कल असते."

त्यांनी वाकून पाहिलं. "एवढीशीच?"

"पुष्कळांकडे तेवढीही नसते," हेमा म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. "मी सांगते, मोदकपात्रात ठेवा. वाफेने सुटेल."

"अगं, पाणी लागलं की संपलं!"

"मग खोबरेल लावा," भाभी हळूच म्हणाल्या. "फणसाचा चीक त्यानेच सुटतो." त्यांचं बोट वाटीत बुडलेलंसुद्धा होतं! मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या बाईवर ओरडलो. लगेच तीनदा माफी मागितली.

"नको, भाऊ," भाभी म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. "तुम्ही केलंत तेवढं खूप. दीड महिनाच आहे. दीड महिन्यात पोरगी काय एवढी मोठी होतेय?"

दीड महिन्यात महिन्याची पोर केवढी होते, ते त्या खोलीत माझ्यासकट सगळ्यांना माहीत होतं. सुलेमानभाईंनी पान्हा पाठीमागे धरला.

मी पुन्हा त्या चिकटलेल्या चौकोनाकडे बघायला लागलो. मधे पांढरा लेप वाळून कडक झालेला. कडेने किंचित बाहेर आलेला. हे मी कुठे पाहिलंय? आणि एकदम आठवलं. पुस्तकात! पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात, तेव्हा ग्रंथपाल काय करतो? ओढत नाही. ओढलं की अक्षरं जातात. कोमट इस्त्रीने ऊब देतो, खळ मऊ पडू देतो, आणि मग पान बाजूला सरकवतो.

"हेमा, इस्त्री!"

"आत्ता कुठे जायचंय तुम्हाला?"

पंखा सोडवून बाजूला ठेवला. इस्त्री उलटी करून दोन विटांमध्ये टेकवली, रेशमी कपड्यांपुरती तापवली, बंद केली, वर रुमाल, रुमालावर कूलर. अक्कल वर, पाय आकाशाकडे. चौघं भोवती बसलो. एखाद्याचा ताप उतरायची वाट बघत बसावं तसे!

"शिजला का?" सुलेमानभाईंनी दोनदा विचारलं.

बोटाला ऊब जाणवली तेव्हा मी चौकोनाच्या कडा धरल्या आणि ओढलं नाही, नुसतं फिरवलं. केसभर डावीकडे. केसभर उजवीकडे. माझे हात इतके थरथरत होते की अर्धं काम त्यांनी आपोआपच केलं. आणि चौकोन गुपचूप सरकून माझ्या हातात आला.

सुलेमानभाईंनी आनंदाने पान्हा टेबलावर आपटला. त्या दणक्याने मी प्रोसेसर जवळजवळ पाडलाच होता!

तीन पाय वाकले होते. ते भाभींनी शिवणाची सुई घेऊन सरळ केले. हात असा स्थिर की मला लाज वाटली. "हा लेप पुन्हा लावायला हवा," मी म्हणालो, तर सुलेमानभाई म्हणाले, "टूथपेस्ट आहे की! रंग तोच!" त्यांना स्कूटरवरून महिपतच्या दुकानात पिटाळलं, त्याच्या बायकोने खरी ट्यूब दिली. चाळणीशेजारची, पकड सैल करायची दांडी उचलली, चौकोन अलगद आत बसला. दांडी खाली, लेप, कूलर, धूळ झटकलेला पंखा.

चार वाजायला दहा मिनिटं असताना बटण दाबलं. पंखा फिरला!

चार वाजून पाच मिनिटांनी अलिझा आख्खी दिसली. झोपली होती. जांभई दिली, पुन्हा झोपली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पडदा काही काळा झाला नाही. भाभी पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. शेवटी अरशदच ओरडला, "अम्मी, काहीतरी बोल ना! आवाज येतोय ना?"

"गप रे. उठेल ती," भाभी म्हणाल्या.

संध्याकाळी चहा घेताना वाटलं, ही युक्ती पुस्तकाच्या समासात लिहून ठेवावी. पुढच्याला उपयोगी पडेल. मोठ्या अभिमानाने पेन घेतलं. पान दोनशे अकरा काढलं, उलटलं. समोर पान दोनशे चौदा!

चौतीस वर्षं परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची पानं मोजून घेणारा मी! पान बोटांत धरलं, ते जाड लागलं. इस्त्री पुन्हा तापवली, ऊब दिली, सरकवलं. आतून दोनशे बारा आणि दोनशे तेरा ही पानं निघाली, आणि वर ठळक अक्षरांत: 'थांबा! कूलर थंड असताना ओढू नका. आधी संगणक पाच मिनिटं चालवून गरम करा. मग हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा.'

पाच मिनिटं! आमचा तर तेवढ्यात फुकट तापत होता! आणि पानाच्या कडेला वाळलेल्या खळीत एक अंगठा उमटलेला होता. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. बरोब्बर बसला.

"काय वाचताय एवढं?" हेमाने विचारलं.

"काही नाही. ज्याने बांधणी केली त्याने दोन पानं चिकटवून ठेवलीत."

"मग त्याला चांगलं बोलायचं ना दोन शब्द! असं कुणालाही सोडून देता तुम्ही!"

"बोलतो," मी म्हणालो. "गेली सदुसष्ट वर्षं तेच करतोय."