हिरव्या पेन्सिलीने लिहिलेल्या विरुद्ध मताची हकीकत

॥ श्री ॥ ज्या शक्तीने मनुष्यास नाक दिले आणि ते मुरडण्याची बुद्धीही दिली, तीस साष्टांग नमन करून ही हकीकत लिहावयास घेतली आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एके राज्यी श्रीमंत भगवंतराव गादीवर असता प्रजेस कशाची ददात नव्हती, मते मात्र राज्यात एकाच इसमाची होती. हुजुरांची मर्जी ऐसी की चित्रपट पाहावा तो मध्यंतरापासून, कारण पूर्वार्धात नुसत्या ओळखीपाळखी होतात. आणि गाणे ऐकावे ते तंबोरे जुळेतोवर, गवयाने तोंड उघडले की उठावे. आणि पुस्तक धरावे ते शेवटच्या पानाकडून, शेवट बेचव लागल्यास बाकीच्याच्या वाटेस जाऊ नये. आणि छंद म्हणाल तर दोऱ्यांचे गुंते सोडविणे. मग राज्यातले गुंते संपले, तेव्हा दरबारी मंडळी बायकापोरांसह बसून नवे गुंते करीत आणि नजराणा म्हणून आणीत. रिवाज ऐसा की दर गुरुवारी हुजुरांनी मतवहीत मत लिहावे, आणि दरबाराने खाली 'आमचेही हेच' लिहून सह्या ठोकाव्या.

तो एके गुरुवारी चित्रपटाच्या शेवटी नायकाची बहीण एकाएकी हसली. हुजुरांनी 'हसणे निष्कारण' ऐसे लिहिले आणि सह्या जाहल्या. मग दुसरे दिवशी पाहतात तो खाली हिरव्या पेन्सिलीने कोणी लिहिलेले, 'पूर्वार्धात ती दार उघडते ते पाहिले असते, तर हसू कळले असते.' कारभारी नरसोपंत खोडरबर घेऊन धावले, परंतु हुजुरांनी त्यांचा हात धरिला. सत्तर वर्षांत त्यांस कोणी 'नाही' म्हटले नव्हते, आणि ते इतके गोड लागेल हे ठाऊक नव्हते. मग जेवताखाता पुसू लागले, "दारात काय असेल हो, पंत?" पंतांस काय ठाऊक? दरबारही मध्यंतरीच आत शिरणारा. आपणच जाऊन पूर्वार्ध पाहावा, तर साठ वर्षांचे मत बुडते. सबब हिरव्या पेन्सिलीचा असामी सापडलाच पाहिजे, त्याविना चैन नाही, ऐसे जाहले, आणि दवंडी पिटविली की विरुद्ध लिहिणारावर मर्जी बहाल होईल.

मग काय विचारता. बाजारातल्या हिरव्या पेन्सिली दोन दिवसांत संपल्या. हुजुरांनी काही लिहावे आणि खाली चाळीस जणांनी 'साफ चूक' म्हणून सह्या कराव्या. हुजूर खिन्न जाहले, कारण तीच ती मंडळी. मग मनी मसलत करून त्यांनी मुद्दाम आपल्याच मर्जीच्या उलट लिहिले, 'तंबोरे जुळविणे हा निव्वळ वेळेचा नाश.' चाळीस जणांनी तत्काळ विरोध केला की जुळविण्यातच सारे संगीत आहे. एक ओळ मात्र निराळी, 'हे खरे. आज प्रथमच पटले.' नरसोपंत लाल जाहले आणि म्हणाले की हुजुरांशी सहमत होणारा हा द्रोही कोण, त्यास हद्दपार करावे.

तो मतवहीची शिवण उसवली म्हणून सुईदोरा घेऊन बसलेल्या, पुस्तकांस पुठ्ठे घालणाऱ्या द्वारकाबाई उठल्या.

"मी लिहिलं. काम काढून घ्यायचं तर घ्या, पण ही शिवण पुरी करू द्या."

हुजूर गादीवरून उतरले आणि म्हणाले, "बाई, दारात कोण होतं?"

"ते मी नाही सांगायची. जाऊन बघा."

मग हुजुरांनी बाईंस शेजारी बसवून जन्मात प्रथमच पूर्वार्ध पाहिला, आणि बहिणीने दार उघडले, आणि दारात कोणीच नव्हते, आणि तिचा चेहरा पाहून हुजुरांनी श्वास रोखिला. मध्यंतरी हलकेच बोलिले, "कळलं. ती घाबरली."

"कसलं कळलं? घाबरली कुठे? सुटली ती."

"सुटलेला माणूस दाराला असा धरून उभा राहत नाही, बाई."

"तुम्ही कधी सुटला आहात का?"

यावर हुजूर पुन्हा भांडू लागले, आणि दरबार रिवाजाप्रमाणे आत आला, आणि उत्तरार्ध सुरू जाहला आणि संपलाही, तो दोघांपैकी कोणी पाहिला नाही.

एकंदर वर्तमान इतकेच की हुजुरांचे एकही मत बदलले नाही. फक्त मत सांगून झाले की हल्ली ते द्वारकाबाईंकडे पाहतात, आणि थांबतात.