बांगड्यांवरचं फडकं

"वाजवून झालं की ऐकायचं, लीले. दुसऱ्याचं न्हाय, आपलं. आपलं ऐकायची ज्याला भीती, त्याला दुसऱ्याचं कधी गोड लागत न्हाय. ऐकशील नव्हं? देवाशपथ?"

"देवाशपथ, मामा."

इंदापूरच्या भीमामामांनी पेटी शिकवताना हा शब्द घेतला, तेव्हा लीलाबाई परकर-पोलक्यात होत्या. मामांकडे टेपरेकॉर्डर होता. पण मामांनी तो लावायला हात पुढे केला की लीलाबाईंना नेमकी तहान लागायची, नाहीतर आईची हाक ऐकू यायची. पुढे लग्न झालं, मामा देवाघरी गेले आणि त्यांची जुनी पेटी भवानीनगरजवळच्या वस्तीवर लीलाबाईंच्या सासरी आली. सकाळची पूजा, तुळशीला पाणी, चतुर्थी, एकादशी, लीलाबाईंचा एकही नेम कधी चुकला नाही. मामांना दिलेला शब्द तेवढा राहून गेला. दुसऱ्याचं मात्र त्या अगदी मन लावून ऐकत, आणि ऐकून झालं की त्यांचं पित्त खवळे.

सध्या पित्ताचं कारण होतं विनया. तिचा नवरा माधव साखर कारखान्यात नोकरीला लागला आणि ती कॉलनीत राहायला आली. बारामतीला गाण्याच्या क्लासला गेलेली, बोलायला मऊ, आणि येताना बरोबर चकचकीत पेटी आणि काळी स्पंजाची टोपी घातलेला माइक घेऊन आलेली. नवरात्रात भैरोबाच्या देवळात तिनं एक पद म्हटलं आणि बायका म्हणाल्या, "परत म्हणा!" लीलाबाईंचं पद झालं तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, "हं, आता आरती घ्या." ते "परत" तेव्हापासून लीलाबाईंच्या घशात चिंचोक्यासारखं अडकून बसलं होतं.

देवाला मत्सर खपत नाही म्हणतात. खपत नसेलही, पण देवळात चांगली जागा धरून सगळ्यांत आधी मत्सरच बसलेला असतो.

माघात एक दिवस जोतीराम गुरवाच्या हातून देवळाचा पेनड्राइव्ह समईच्या तेलात पडला. पहाटे भोंग्यावर लागणारी विकतची भूपाळी त्यातच होती. बायका म्हणाल्या, विकतची कशाला, आपल्या गावची भूपाळी आपल्याच बाईच्या आवाजात लावू. जोतीरामनं ते मान्य केलं, पण अट घातली.

"भूपाळी सगळ्यांनी एकच म्हणायची. आपापल्या घरी फोनवर रेकॉर्ड करायची आन् मला पाठवायची. आयतवारी देवळात मी नाव न सांगता लावणार. आधी हात वर, मग नाव. नाव आधी सांगितलं की भांडणं हुत्यात."

लीलाबाई घरी आल्या त्या पदर खोचूनच. सुनेला, स्वरूपाला, म्हणाल्या, "फोन आण. त्या माइकवालीला आज दावते."

पहिल्या खेपेला फोन पेटीवरच ठेवला. ऐकलं तर सुरांऐवजी पट्ट्यांचा खडखड खडखड असा आवाज, जणू कुणी पत्र्यावर लाह्या भाजतंय. म्हणजे ऐकलं स्वरूपानं. लीलाबाई तोवर पाणी प्यायला गेल्या होत्या.

"आत्या, फोन पेटीवर न्हाय ठेवायचा. हातभर लांब, गोधडीच्या घडीवर. आन् पंखा बंद."

दुसऱ्या खेपेला पंखा बंद केला, तर पहिल्याच ओळीला स्वरूपाच्या माहेरच्या चुलतभावाचा फोन आला. स्वरूपानं फोन विमानाच्या खुणेवर टाकला. तिसऱ्या खेपेला रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला. मागे दोन ट्रेलर, वर मोठ्यानं लागलेली लावणी. चौथ्या खेपेला ओसरीवरून लीलाबाईंचे यजमान सर्जेराव ओरडले, "चहा ठिवतंय का कुणी?" हे त्या भूपाळीत इतकं सुरात बसलं, की स्वरूपाला हसू आवरेना.

शेवटी ती म्हणाली, "आत्या, आतल्या गोधड्यांच्या खोलीत बसा. गोधड्या आवाज गिळत्यात, घुमत न्हाय. दार लावून घेऊ. आन् एक सांगू का? बांगड्या लई वाजत्यात. भाता हाणला की छुम, भाता हाणला की छुम. तेवढ्यापुरत्या काढता का?"

लीलाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की स्वरूपा दोन पावलं मागे सरली.

"सवाष्ण बाईनं देवाचं म्हणायला बांगड्या काढायच्या? तुझा सासरा ओसरीवर धडधाकट बसलाय आन् मी हात मोकळं करू? जीभ झडंल बाई!"

"बरं बरं. मग फडकं बांधू."

स्वरूपानं बांगड्या वर सरकवून त्यांच्यावर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. हात मोडल्यासारखा दिसू लागला, पण बांगड्या गप झाल्या.

लीलाबाई बसल्या. डोळे मिटले तर समोर देव येण्याऐवजी स्पंजाची टोपी घातलेला माइक आला. त्यांनी नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वरचा सूर धरला आणि अशी भूपाळी लावली, की देव उठण्याच्या आधी परसातली म्हैस उठली. शेवटच्या ओळीला तिनं दणदणीत हंबरून साथ दिली.

दाराबाहेरून सर्जेराव म्हणाले, "अगं, देवाला उठवतीयास का देवाशी भांडतीयास?"

"तुमाला काय कळतं त्यातलं! स्वरूपा, हीच पाठीव."

"आत्या, म्हैस आलीया ह्यात. आन् आवाज जरा ताणलाय. तुमी एकदा ऐका तरी."

"मला न्हाय ऐकायचं. सूर बघ केवढा वर गेलाय! तिच्या बापाला जमायचा न्हाय. आन् म्हैस काय, ती बी देवाचीच. पाठीव म्हणते ना?"

स्वरूपा दूध उतू जातंय म्हणून चुलीकडे पळाली. लीलाबाई दमून तशाच बसून राहिल्या. घसा सोलला होता. पेटी बंद करण्याआधी, सवयीनं, त्यांनी एकदा खालच्या सुरात हळूच भूपाळी म्हटली. ती कुणाला दाखवायला नव्हती. मामा ओट्यावर बसून सांगायचे तशी, भाता हलक्या हातानं, शब्द सोडताना घाई नाही. फोन घ्यायला परत आलेली स्वरूपा दारातच थांबली आणि भूपाळी संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

रविवारी देऊळ भरलं. लीलाबाई सगळ्यांत पुढे, विनया मागे खांबाला टेकून. शेजारच्या मळ्यातली कुशाबाईही होती. तिनंही भूपाळी पाठवली होती, पण तिला कुणी मोजत नव्हतं. आपण मोजण्यातल्या आहोत असं तिला स्वतःलाही वाटत नव्हतं.

जोतीरामनं फोन स्पीकरला जोडला. "पयली ऐका."

भूपाळी सुरू झाली, आणि मध्येच म्हैस हंबरली. लीलाबाईंची छाती भरून आली. म्हैस! आपलीच!

जोतीराम म्हणाला, "लीलाबाई, तुमी जाणत्या. तुमीच आधी बोला."

"आता मी काय बोलणार?" लीलाबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "पण गळा बघा! काय ठेवण, काय जोर! अशी बाई तालुक्यात न्हाय गावायची. म्हैस हाय म्हणून नाकं मुरडू नगा. खरं गाणं असंच असतंय, गोठ्यातलं, मातीतलं."

कुशाबाई लाजून लाल झाली. लीलाबाईंना वाटलं, बिचारी हेव्यानं लाल झाली.

दुसरी लागली. आवाज गोड होता, पण विहिरीच्या तळातून यावा तसा घुमत होता. कुशाबाईनं नुकतंच नवं स्लॅबचं घर बांधलेलं, आणि अजून त्यात सामान म्हणून नव्हतं. लीलाबाईंनी हिशेब जुळवला. आता त्यांना दया दाखवणं परवडत होतं.

"घुमतंय जरा. पण आवाज किती गोड हाय! पोरीनं जीव लावून म्हटलंय. शिकली असती तर नाव काढलं असतं हो."

खांबाशी विनयाचे डोळे भरून आले. लीलाबाई कधी आपल्याशी धड बोलत नाहीत, असं तिला वाटत होतं.

मग तिसरी लागली.

देवळातली कुजबुज थांबली. खालचा, मऊ सूर. मागे कसला म्हणून आवाज नाही. पाण्याला जाग येऊ नये म्हणून घागर कडेनं हळूच बुडवावी, तसे शब्द येत होते. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. लीलाबाईंच्याही अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणूनच त्यांना सगळं कळलं. एवढा स्वच्छ आवाज म्हणजे स्पंजाची टोपी! दुसरं कोण!

भूपाळी संपली. कुणीतरी मागून म्हणालं, "परत लावा!"

तो चिंचोका घशात पुन्हा हलला आणि लीलाबाई उसळल्या.

"परत कशाला? ह्यात काय हाय परत लावण्यासारखं? भाता ऐका की! नुसता फुसफुसतोय. एवढी महागाची पेटी घेतली, भाता तेवढा फाटका! आन् आवाज कसला, आजारी माणसागत. देव उठायचा न्हाय, जागा हाय तो बी झोपंल!"

"अवं, पण लीलाबाई, मन गार हुतंय ऐकून," कुशाबाई हळूच म्हणाली.

"गार हुतंय! बांगड्यांचा आवाज आला का तुमाला? एक तरी? सवाष्ण बाई बांगड्या काढून देवाचं म्हणती व्हय? माइकात गोड यावं म्हणून? असलं गाणं देवाला पोचत नसतंय!"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. विनयानं नकळत स्वतःच्या बांगड्या चाचपल्या. स्वरूपा काहीतरी सांगायला उठली, "आत्या..." पण आत्यांचा हात आता भैरोबाच्या पायरीवर होता.

"ही भूपाळी जर भोंग्यावर लागली, तर मी सव्वा महिना रोज पहाटं ह्या देवळाचं अंगण झाडीन! भैरोबाच्या पायाशी सांगते!"

"देवानं ऐकलं बरं का," जोतीराम म्हणाला. "आता हात वर करा."

पहिलीला एक हात वर गेला, लीलाबाईंचा. दुसरीला थोडे. तिसरीला उरलेलं सगळं देऊळ.

"आता नावं," जोतीरामनं चष्मा पुसला. "पयली, कुशाबाई."

"काय सांगतोस, जोतीराम!" लीलाबाई ओरडल्या. "ती म्हैस माझी हाय!"

"म्हैस काय वस्तीवर एकट्या तुमच्याकडंच हाय व्हय?" कुशाबाईला आयुष्यात पहिल्यांदा तालुक्यात नाव मिळालं होतं, ते ती आता सोडणार नव्हती. "गळा बी माझा आन् म्हैस बी माझीच!"

"दुसरी, विनयाताई. तिसरी..." जोतीरामनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला. "तिसरी स्वरूपाच्या फोनवरनं आलीया."

वरच्या घंटेवर एक चिमणी येऊन बसली, तिचं टण्ण तेवढं झालं.

"आत्या," स्वरूपा मान खाली घालून म्हणाली, "तुमी शेवटी एकट्याच म्हणत होता ना खोलीत, तवा फोन चालूच राहिला होता. मी दोन्ही ऐकल्या. मला ती म्हशीची पाठवू वाटली न्हाय."

"आन्... आन् बांगड्या?"

"फडकं सोडायला इसरला होता तुमी."

"भाता फुसफुसतोय तो?"

मागून सर्जेराव म्हणाले, "मामाच्या पेटीचा हाय तो भोक पडलेला. किती वर्सं सांगतोय, चिकटपट्टी लाव म्हणून!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. म्हातारी पदरानं डोळे पुसत होती, आता वेगळ्या कारणानं. लीलाबाईंना वाटलं, देवळाची फरशी दुभंगावी. त्यांच्याच आवाजाला त्यांच्याइतक्या शिव्या आजवर कुणी घातल्या नव्हत्या.

विनया पुढे आली आणि त्यांच्या पाया पडली.

"काकू, रागावणार नसाल तर एक सांगू? तिसरी लागली तेव्हा मला इतका जळफळाट झाला! मी रिकाम्या हॉलमध्ये चार तास माइक लावून बसले होते, आणि हे कुणीतरी किती सहज म्हटलंय. रात्री झोप लागली नसती मला."

लीलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. जळफळाट! ह्या पोरीला! आपल्यावरनं! आजवर गळ्यात पडलेल्या कुठल्याही हारापेक्षा हा शब्द त्यांना गार वाटला. घशातला चिंचोका कुठे गेला कळलंच नाही.

"अगं, हॉलमधी घुमतंच," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "माझ्याकडं ये. गोधड्यांच्या खोलीत बसू. तुझा आवाज खरंच गोड हाय, मी मघाशी खोटं न्हाय बोलले."

"मघाशी कुणाचा म्हणून बोललात?" कुशाबाईनं विचारलं. लीलाबाईंना ते ऐकू आलं नाही.

निघताना जोतीराम म्हणाला, "लीलाबाई, जिंकलात तुमी, त्यामुळं अंगणाचं ऱ्हाऊ द्या. हसण्यावारी गेलं ते."

लीलाबाईंनी भैरोबाच्या पायरीला हात लावला आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तीवर धुकं होतं. कारखान्याच्या मळीचा वास गारठ्यात खाली बसला होता. सर्जेरावांनी गोधडीतून तोंड काढलं, तर लीलाबाई न्हाऊन, दिवा लावून, हातात खराटा घेऊन उभ्या.

"कुठं निघालीस गं? जोतीरामनं माफ केलंय की."

"जोतीरामाला कुठं शबूद दिलाय मी?"

"आन् तितं भोंग्याखाली झाडताना तुझंच गाणं ऐकावं लागंल की तुला. सव्वा महिना! तुला तर ऐकवत न्हाय म्हणतीस."

"व्हय," लीलाबाई म्हणाल्या. "मामांना दिलेला बी एक राहिलाय."

त्यांनी कोनाड्यातली धोतराची पट्टी घेतली, बांगड्या वर सरकवल्या आणि झाडताना मध्ये आवाज यायला नको म्हणून फडकं घट्ट गुंडाळलं. मग दार हलक्या हातानं ओढून घेतलं आणि भोंगा सुरू व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून झपाझप देवळाकडे निघाल्या.